कोंबड्यांच्या खटल्यातली निरुपयोगी साक्ष

मी एक खटला बोलतोय, तोही कोंबडीचोरीचा. हसलात ना? हसा. वरच्या फळीवरचे खुनाचे खटलेसुद्धा माझ्याकडे बघून नाक मुरडायचे.

कोर्टातल्या लेखनिकाच्या टाकातून मी जन्मलो. भरदुपारी एका बाईच्या कोंबड्या चोरीला गेल्या आणि आळ आला एका हमालावर. लेखनिक मोठा चिवट माणूस, साक्षीदार बोलेल ते शब्दन्‌शब्द उतरवायचा. त्यामुळे माझ्या पोटात कोंबड्या कमी आणि लोकांचे संसारच जास्त. कुणाची चूल कधी पेटते, कुणाची सासू दारात बसून गल्लीवर पहारा ठेवते, सगळं आलं.

शेजारच्या तरुण बाईचीही साक्ष झाली.

"कोंबड्यांचा ओरडा ऐकलात?" वकिलांनी विचारलं.

"ऐकला की."

"खिडकी हाताशी होती. मग उठून पाहिलं का नाही?"

"पोरगी मांडीवर होती, साहेब. तापानं नुसती फणफणली होती, तेव्हा कुठे डोळा लागला होता तिचा. कोंबड्यांपायी उठवू तिला?"

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी शेरा मारला, 'साक्ष निरुपयोगी.' हमाल सुटला, कोंबड्या कुणाच्या पातेल्यात गेल्या देव जाणे, आणि मला फितीत बांधून रेकॉर्ड रूममध्ये टाकलं.

कैक वर्षं धूळ खात पडलो. मग हुकूम आला, किरकोळ खटले कागदाच्या लगद्याला पाठवा. रेकॉर्ड रूमच्या कारकूनकाकांनी मला पोत्यात कोंबलं. माझं तर धाबंच दणाणलं.

त्याच आठवड्यात एक मुलगी आली. पूर्वीची माणसं रोज कशी जगायची, ते ती जुन्या खटल्यांतून शोधत होती. काकांनी मोठ्या तोऱ्यात खून पुढे केले.

"खून नकोत काका. त्यात लोक जपून बोलतात. चोऱ्या, भांडणं द्या, त्यात घरातलं बोलून जातात."

काकांनी पोतंच उपडं केलं. मला वाचता वाचता ती थबकली. शेजारच्या त्या साक्षीदार बाईचं नाव तिच्या पणजीचं होतं, गल्लीही तीच.

दुसऱ्या दिवशी ती आजीला घेऊन आली. ही आजी म्हणजे त्या बाईची एकुलती एक लेक. बोलायला लागायच्या आत आई वारली, फोटोसुद्धा नाही. आत्याने सांभाळलं आणि ऊठसूट ऐकवलं, "तुझ्या आईला कुठे पडलं होतं तुझं काही!" ते ऐकलेलं आजीच्या मनातून कधीच गेलं नव्हतं.

नात वाचू लागली. खिडकीचा प्रश्न आला तसा आजीने तिचा हात धरला.

"थांब. मग? आई उठली?"

"नाही आजी. उठली नाही."

"बघ! कोंबड्या गेल्या तरी उठली नाही!" आजी रडता रडता हसू लागली. "ऐकलंत का आत्याबाई?"

काकांनी चष्मा पुसला. "लगद्याचं मी वरती बोलतो," म्हणाले, आणि एकेक खटला परत फळीवर लावू लागले. मी असा सुटकेचा निःश्वास टाकला की धूळच उडाली.

आता मी नव्या फितीत निवांत आहे. मागणं एवढंच, आमच्यासारख्यांना पोत्यात भरायच्या आधी एकदा वाचा. निकाल नंतर बघा, निरुपयोगी साक्षी आधी बघा. आणि माझं ते पान जरा हळू उलटा. पोरीचा आत्ताच डोळा लागलाय.