घारीचा मुतखडा

बांधकामावरची माणसं तिला घार म्हणत. सकाळी शिडी चढून ती उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसली की डबाही वरच खायची आणि संध्याकाळीच खाली उतरायची. मधे उतरलं की मुकादम कुरकुरायचा आणि वर तर काही सोय नाही. तेव्हा तिने सोपा मार्ग काढला होता, पाणीच प्यायचं नाही. काचेच्या केबिनमध्ये उन्हाने अंग भाजून निघायचं, तरी बाटलीतलं पाणी ती ओठ ओले करण्यापुरतंच वापरायची.

त्या दिवशी सळ्यांची मोळी अधांतरी लटकत असताना कमरेपासून जांघेपर्यंत अशी कळ गेली की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने दात-ओठ खाऊन मोळी अलगद खाली टेकवली, क्रेन बंद केली आणि मगच ओकली. दोघांनी वर जाऊन तिला धरून धरून उतरवलं.

दवाखान्यात तपासणीत कळलं, मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीत मुतखडा अडकला होता, चांगला वाटाण्याहून मोठा. नवऱ्याने तोवर गल्लीभर चौकशी केली होती; कोणी काढा सांगितला, कोणी रस, कोणी तर दोरीवरच्या उड्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. लहान खडा भरपूर पाण्याने आणि गोळ्यांनी आपसूक पडतो, म्हणाल्या, पण हा मुकाट्याने घर सोडणाऱ्यातला नाही. बाहेरून यंत्राने ध्वनिलहरी मारून फोडता येईल. त्यात दुर्बीण आत घालायची नाही, पण चुरा पडेपर्यंत कळा केव्हाही येणार आणि एकदा मारून भागेलच असं नाही. नाहीतर लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेसरने फोडायचा. त्याला भूल लागेल, आणि नंतर काही दिवस आत एक बारीक नळी ठेवावी लागेल, तिचा त्रास होईल.

नवऱ्याचा कल लहरींकडे होता. भुलीचं नाव काढलं की तो विषयच बदलायचा.

"वर माल लटकलेला असताना कळ आली तर?" ती म्हणाली. "खाली माणसं असतात. दुर्बीणच करा."

ऑपरेशन सुरळीत झालं. हाल नंतर झाले. आतली नळी सारखी टोचायची, लघवी लालसर, आणि जरा बसलं की पुन्हा उठून धाव. डॉक्टरीणबाईंनी हे आधीच सांगितलं होतं. ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र तडक या, असंही बजावलं होतं, त्यामुळे नवरा जाता-येता तिच्या कपाळाला हात लावायचा. शेवटी तिने त्याला सांगितलं, कपाळ झिजेल.

नळी निघेपर्यंत शिडी चढायची नव्हती. अशात मुकादमाने बदली माणूस बसवल्याची बातमी आली आणि तिची झोपच उडाली. एका सकाळी तिने बूटही चढवले. मग खाटेच्या कडेला बसून राहिली आणि स्वतःच ते काढून ठेवले.

नळी निघाली. तपासणीत आत काही उरलेलं दिसलं नाही. निरोप देताना डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "पाणी पिणार नसाल तर आपली पुन्हा भेट ठरलेली आहे."

ती तिथून थेट मुकादमाच्या पत्र्याच्या खोलीत गेली. दिवसभर पाणी पिणार, आणि जेवणाची सुट्टी सोडून दोनदा उतरणार, असं तिने सांगून टाकलं.

"बाई, तेवढा वेळ क्रेन उभी राहिली तर मला वरून बोलणी बसतात."

"त्या दिवशी माझा हात सुटला असता, तर बोलण्यावर भागलं नसतं."

बदली माणसाने क्रेनवरचा माल कडेच्या भिंतीवर आदळला होता, हे तिच्या कानावर आलं होतं. तिने तो विषय काढला नाही. मुकादमाने तिला एकदा उतरू द्यायची तयारी दाखवली. ती खुर्चीवरून हलली नाही. मग तो दोनदा म्हणाला, आणि तेही महिनाभर बघू म्हणाला.

सुरुवातीला ती उतरली की तो खाली घड्याळ बघत उभा राहायचा. तिने घाई केली नाही. पायरी पायरी धरून उतरायची, बाटली काठोकाठ भरून घ्यायची आणि पुन्हा चढायची. महिना उलटला, कोणी काही बोललं नाही.

पलीकडच्या क्रेनवरचा म्हातारा चालक एकदा तिला नळापाशी भेटला. त्याच्याही कमरेत बरेच दिवस डाचत होतं म्हणे. तिने त्याला डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. बरा होऊन तोही दोनदा उतरण्याबद्दल मुकादमाकडे बोलायला गेला, तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली.