गिअर कुठल्या पायाला

आमच्या ह्यांची मोटरसायकल जपानी आणि माझ्या भावाची इंग्लिश. दोन्ही गाड्या आमच्या लग्नाइतक्या जुन्या आणि भांडणही तितकंच जुनं. भाऊ दर रविवारी सकाळी येतो, आपली गाडी ह्यांच्या गाडीशेजारी लावतो आणि चहा होण्याआधीच दोघांची जुंपते.

"दाजी, तुमचं शिवणयंत्र चालतंय ना अजून?"

"माझं बटण दाबलं की सुरू होतं. तू किका मारून आलेला घाम पूस आधी. आणि खाली पुठ्ठा टाक, तुझ्या बहिणीच्या फरशीवर तेल सांडतंय."

मला विचाराल तर दोन्ही गाड्या सारख्याच, माझ्या डोक्याला ताप. फरक एकच. जपानी गाडीचा गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या. इंग्लिशचं बरोबर उलटं. भावाने एकदाच ह्यांची गाडी घेतली, ब्रेक समजून गिअर दाबला आणि थेट शेजारच्यांच्या कुंपणात जाऊन बसला. तेव्हापासून ज्याची गाडी त्याने चालवावी असं ठरलं.

मग ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. पाठ सुधारली, पण डाव्या पायाचा पंजा वर उचलेनासा झाला. खाली दाबता येतो, वर होत नाही. आणि ह्यांच्या गाडीचा वरचा गिअर टाकायचा तर तोच पंजा उचलावा लागतो. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. ह्यांनी गाडीवर चादर टाकली आणि रविवारी भाऊ आला की भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. ज्या भांडणाच्या नावाने मी आयुष्यभर बोटं मोडली, ते परत व्हावं म्हणून माझा जीव तुटायला लागला.

शेवटी मीच म्हटलं, "अहो, त्याची गाडी चालवा. गिअर उजवीकडे आहे. डाव्याने नुसता ब्रेक दाबायचा."

"त्या गळक्या खटाऱ्यावर? आणि वर त्याचे उपकार? नाव काढू नकोस."

हे मी भावाला स्वयंपाकघरात सांगितलं. तो कप हातात धरून खिडकीतून आपल्या गाडीकडे बघत राहिला. आपली गाडी तो दुसऱ्या कुणाला पुसूही देत नाही.

पुढच्या रविवारी तो लंगडत आला. उजवा गुडघा चोळत ह्यांच्या पलंगाशी बसला.

"दाजी, पंचाईत झालीय. गुडघा गेला. गिअर टाकताना कळ येते. गाडी उभी राहिली तर इंजिन जाम होईल आणि परक्या हातात द्यायला मन होत नाही. तुम्ही फिरवाल? मी तुमची घेतो, तिचा गिअर डावीकडे." मग मान खाली घालून म्हणाला, "बटणही आहे. तुमचीच गाडी बरी निघाली शेवटी."

आदल्याच दिवशी ह्या माणसाने माझं लोखंडी कपाट पाठीवर घेऊन जिना चढवला होता. मी चकार शब्द काढला नाही.

हे उठून बसले. "तरी सांगत होतो, किका मारून गुडघे घालवशील. आण चावी. तुझ्यासाठी म्हणून हं."

दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा गेली. कोपऱ्यावरून वळून परत आले तेव्हा गाडीवरून उतरेनातच. "क्लच किती जड आहे," एवढंच म्हणाले. मी आत जाऊन पोटभर रडले.

आता रविवारचं भांडण पुन्हा जोरात असतं. फक्त दोघंही ज्या गाडीवर बसतात तिलाच शिव्या घालतात. आणि माझा भाऊ फाटकापाशी उतरला की इमानेइतबारे लंगडायला लागतो.

परवा तो गेल्यावर मी कप उचलत होते. हे दारातून बाहेर बघत उभे होते.

"आज डाव्या पायाने लंगडत होता," हे म्हणाले.

मी उचललेले कप परत खाली ठेवले.

"मागच्या रविवारीही तसंच. येताना उजव्याने, जाताना डाव्याने. मी खुर्ची पुढे करतो, जपून बस म्हणतो. तू त्याला काही बोलू नकोस हं. बिचारा किती मन लावून लंगडतो."