खडूची रेघ

"दाबा ब्रेक. सोडा. परत दाबा."

ट्रकच्या पुढच्या चाकामागून रोहिदासचा आवाज आला. धोंडीबा ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, तसं खाली खट्ट झालं. रस्त्यापलीकडच्या टपरीवर ऐकू गेलं एवढं. रोहिदासला नाही. तो उताणा पडून स्प्रिंगच्या पाट्यांच्या थरावर तळहात टेकवून होता, ताप आलेल्या लेकराच्या छातीवर ठेवावा तसा.

जयमाला शेडच्या दारात उभी होती. बाहेरचं बोलणं नवऱ्याला खुणेनं सांगायचं काम तिचं. पण तिचे डोळे ट्रकमालक रणजीतशेठवरून हलत नव्हते.

"किंगपिन बदलली, बुश बदललं, शॉकअप नवं, पाटंसुदिक नवं," शेठ बोटांवर मोजत होता. "तरी खट्ट हायच. माल भरलेली गाडी कंपनीचा सेफ्टीवाला गेटातून आत घेईना. दोनपर्यंत आवाज काढा, न्हाईतर उद्यापास्नं दुसऱ्याची गाडी लावतो म्हणतोय. माझ्या चार मिस्त्र्यांनी हात टेकलं, वैनी."

वैनी! पाच वर्षांपूर्वी ती त्याच्या कासारवाडीच्या गॅरेजात डबा घेऊन जायची, तेव्हा हाच दारातून ओरडायचा, "ए, कोण पायजे?"

त्या गॅरेजात रोहिदासनं बारा वर्षं काढली होती. जालन्याहून आलेला, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा. एकदा एका गिऱ्हाइकाच्या गाडीला नवे पाटे बसवले, तेव्हा तो म्हणाला होता, "शेठ, पाटे ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट जॅकवर आवळले तर माल भरून एक फेरी झाली की सैल पडतात. परत आवळल्याशिवाय लांब धाडू नका." शेठनं धाडली. पाटे सरकले, गाडी दुभाजकावर चढली. गिऱ्हाईक भांडायला आलं, तेव्हा वीस माणसांत शेठ म्हणाला, "ह्यो बहिरा हाय ओ. सैल बोल्ट ह्याला कुठनं ऐकू येणार?"

त्या दिवशी रोहिदासचे दोन्ही कान शाबूत होते. पण चाकणपर्यंत 'बहिरा मिस्त्री' हे नाव पोचलं आणि कुणी त्याच्या हाती गाडी देईना. मग प्रेस शॉप. पत्रा ठोकणाऱ्या मशीनशेजारी तीन वर्षं. कान गेले ते तिथं. लेक पहिल्यांदा "बाबा" म्हणाली, तेव्हा जयमालानं त्याचं बोट लेकीच्या गळ्याला लावलं. ती थरथर बोटानं ऐकली त्यानं.

हे शेड टाकून सहा महिने झाले होते. बहिऱ्याकडं गाडी कोण आणणार, हे रोज सकाळी शटर उघडताना दोघांच्या मनात असायचं. आजही शेठ आला तो दुसरं गॅरेज गेटाजवळ नव्हतं म्हणून. शेड कुणाचं, ते त्याला रोहिदास समोर आल्यावर कळलं.

रोहिदास बाहेर आला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं तो हल्ली फार हळू बोलायचा. "खड्ड्यात वाजतं का?"

धोंडीबानं ओठ नीट हलवत सांगितलं, "न्हाई. ब्रेक दाबला की. आन् सोडला की."

"मग शॉकअप नाही."

त्यानं जयमालाकडं बघून हवेत रेघ ओढली. तिनं लेकीच्या दप्तरातून खडू आणला. त्यानं पाट्यांवरून खाली ॲक्सलपर्यंत सरळ रेघ मारली. धोंडीबानं गाडी पुढं-मागं घेत तीनदा ब्रेक मारला. सगळे वाकले.

रेघेचे दोन तुकडे झाले होते. वरचा तुकडा खालच्यापासून अर्धं बोट सरकलेला.

"यू-बोल्ट," रोहिदास म्हणाला. "जॅकवर आवळले, नंतर पाना लावलाच नाही." पाना घेऊन तो पुन्हा खाली शिरला. गाडी चाकांवरच उभी ठेवून त्यानं आवळायला सुरुवात केली.

खाली माणूस असताना कुणी गाडी चालू करू नये म्हणून धोंडीबा उतरला आणि त्यानं चावी जयमालाच्या हातात दिली. तिनं मूठ मिटली.

"शेठ, काय राहिलं होतं हो?"

"त्येच, आवळायचं," शेठ पुटपुटला.

"मोठ्यानं बोला. ते खाली आहेत, आणि बहिरे आहेत. तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"वैनी, दोन वाजत आलं..."

"हो ना. माझ्याकडं पण घड्याळ आहे."

टपरीवरून कुणीतरी हसलं. "बोला की राव शेठ, चहा गार व्हतोय आमचा!"

"आवळायचं ऱ्हायलं!"

"अजून मोठ्यानं. आणि पाच वर्षांमागचं पण."

शेठनं तिच्या मुठीकडं पाहिलं, मग गेटाकडं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. "त्या टायमालाबी ऱ्हायलं व्हतं! त्यानं सांगितलं व्हतं, मीच गाडी धाडली! बास?"

टपरीवरचे ग्लास हातातच राहिले. जयमालाला ते गोड लागलं, पोटभर गोड. अजून एकदा म्हणायला लावावं, असं ओठांवर आलं तिच्या. तिनं खाली पाहिलं. ट्रकखालून फक्त रोहिदासचे पाय दिसत होते, आणि पान्याच्या प्रत्येक झटक्याला टाचा मातीत रुतत होत्या. तिची मूठ आपोआप सुटली.

तो बाहेर आला. नवी रेघ मारली. जयमालानं चावी धोंडीबाला दिली. तीन ब्रेक. रेघ सरळ.

"गेला आवाज?" त्यानं विचारलं. जयमालानं मान हलवली.

"काय बोंबलत होता शेठ?"

"चूक कबूल केली," ती ओठ सावकाश हलवत म्हणाली. "सगळ्यांपुढं."

रोहिदासनं टपरीकडं पाहिलं, शेठकडं पाहिलं. मग धोंडीबाला म्हणाला, "एक फेरी झाली की परत आणा. आवळावं लागंल."

ट्रक निघाला. जाता जाता धोंडीबानं खुशीत हॉर्न दाबून धरला. टपरीवाल्यांनी कानांवर हात ठेवले, जयमालानंही ठेवले.

रोहिदास रस्त्याकडं पाठ करून उभा होता. खडूला लागलेलं ग्रीस पँटला पुसत होता, लेकीच्या दप्तरात परत ठेवायचा म्हणून.