नाडीबाबांनी मिटवलेला लाल डोळा

स्टँडवर त्या संध्याकाळी टॅक्सी काही मिळेना. गाड्या रांगेने उभ्या होत्या, ड्रायव्हरही होते; पण सगळे एकाच पांढऱ्या गाडीला गुळाला मुंगळे चिकटावेत तसे चिकटले होते. मी छापखान्यातून परतत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून डोळे शिणले होते, तरी गर्दी दिसली की मान आपोआप वर होतेच.

"डोळे दिव्यावर ठेवा!" आतून आवाज आला. "पापणी हलली तर मग माझ्याकडे येऊ नका!"

हा आवाज नाडीबाबांचा. इंजिनालाही जीव असतो, जीव म्हटला की नाडी आली, आणि ती फक्त आपल्याला सापडते, असं त्यांचं म्हणणं. गाडीतला तेलाच्या दाबाचा लाल दिवा म्हणजे गाडीला लागलेली वाईट नजर. तो लाल डोळा बाबा मिटवून देत.

त्या काळच्या गाड्या आजच्यासारख्या बडबड्या नव्हत्या. बिचाऱ्यांकडे दुखणं सांगायला तेवढा एक दिवाच होता.

इंजिन घरघरत होतं. खिडकीतून डझनभर डोकी आत घुसून दिव्याकडे टक लावून होती. पुढे बाबांनी बॉनेट अर्धवट उचललेलं, कोपरापर्यंत हात आत, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटताहेत. आणि एकदम ओरडा झाला, "विझला! विझला!"

लोकांनी बाबांचे पाय धरले. बाबांनी बॉनेट बंद करून त्याला लाल दोरा बांधला. "मी सांगेपर्यंत हे उघडायचं नाही. कुणी वाकून बघितलं की नाडी सुटली. आणि मनात शंका आली, तर मग मी जबाबदार नाही. तेल-बिल सगळं निमित्त आहे. श्रद्धा हेच खरं वंगण!"

बाबा पैशाला हात लावत नसत. दक्षिणा म्हणून इंजिन ऑइलचा एक डबा तेवढा ठेवायचा. त्यांच्या पाठीमागे डब्यांची उतरंड लागली होती. श्रद्धा खरं वंगण असताना बाबांना एवढं खोटं वंगण कशाला लागतं, हा प्रश्न माझ्या मनात आला. पण विचारणार कुणाला? पांढऱ्या गाडीतून पाणावल्या डोळ्यांनी बाहेर पडणारा माणूस म्हणजे आमचे हे होते.

ह्यांच्या टॅक्सीवर आमचं घर चालायचं. माझा पगार भाजीपाल्याला पुरायचा, बाकी सगळं त्या पांढऱ्या गाडीचं. आठवडाभर वळणावर तिचा दिवा लुकलुकत होता. आणि ह्यांच्या मनात धडकी भरली होती ती आपलाही पैलवान होण्याची. पैलवान म्हणजे ह्यांच्या शेजारी गाडी लावणारा आडदांड ड्रायव्हर. बाबांनी बरं केलेलं त्याचं इंजिन घाटात जाम झालं होतं. तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या गाड्या धुवायचा. "माझीच श्रद्धा कमी पडली," असं म्हणायचा आणि फडकं पिळायचा.

घरी आल्यावर ह्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई आयुष्यभर इस्पितळात नर्स होत्या आणि सासरे तिथलीच रुग्णवाहिका चालवायचे. दोघांचा संसार निम्मा त्या गाडीतच झाला.

"दक्षिणा काय दिलीस?" त्यांनी विचारलं.

"तेलाचा डबा."

"म्हणजे गाडीला पाजायचं ते बाबाला पाजलंस."

"आई, तेल निमित्त आहे. श्रद्धा हेच खरं वंगण."

"असं? मग उद्यापासून डोक्यालाही श्रद्धाच चोपडत जा."

हे चिडले. "तू चेष्टा कर. पण दिवा विझला ना? मी डोळ्यांनी बघितलं. उद्या सकाळी घाटापलीकडच्या इस्पितळात एका आजोबांना न्यायचंय, निर्धास्त नेईन."

घाट म्हटल्यावर मला पैलवानाचं जाम झालेलं इंजिन आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी किल्ली फिरवली तेव्हा मी गाडीच्या खिडकीशी उभी होते. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. छापखान्यात एखादं अक्षर गळलं की वाटतं ना, तसं.

"अहो, थांबा. इंजिन सुरू करायच्या आधी रोज तो लाल दिवा लागायचा ना? मग इंजिन सुरू झालं की विझायचा. आज लागलाच नाही."

"लागेल कसा? बाबांनी मिटवलाय."

सासूबाई हातातला कप तसाच ठेवून अंगणात आल्या. "इंजिन बंद असताना दिवा लागत नाही? अरे वेड्या, इंजिन बंद म्हणजे तेल फिरत नाही. तेल फिरत नाही म्हणजे दाब नाही. तेव्हा तर तो लागलाच पाहिजे. न लागणारा दिवा बरा झालेला नसतो, मेलेला असतो. उघड ते बॉनेट."

"आई, दोरा!"

सासूबाईंनी दोरा असा तोडला, जसा उसवलेल्या शिवणीचा धागा तोडावा. ह्यांनी डोळे गच्च मिटले. आभाळ कोसळलं नाही. शेजारचं कुत्रं तेवढं भुंकलं.

सासूबाईंनी तेल मोजायची पट्टी ओढून काढली, जुन्या फडक्याने पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली. टोकाला कसंबसं तेल लागलं होतं, तेही काळंकुट्ट. मग त्या वाकल्या. इंजिनाच्या अंगावर पितळेचं एक बटण असतं. तेलाचा दाब नसला की ते दिवा लावतं, दाब आला की विझवतं. त्याची वायर काढून मागे खोचलेली होती आणि वर लाल दोऱ्याचा छान फुलोरा.

"ही बघ तुझ्या बाबांची नाडी," त्या म्हणाल्या. "थर्मामीटर फोडला म्हणजे ताप उतरला का रे?"

ह्यांनी वायर जोडून किल्ली फिरवली. लाल दिवा लख्ख लागला. एरवी धडकी भरवणारा तो दिवा, पण त्या दिवशी हरवलेलं माणूस घरी आल्यासारखं वाटलं मला.

मग गाडीखाली पुठ्ठा सरकवला. थोड्या वेळाने त्यावर काळे थेंब दिसले. तळाचा तेल सोडायचा बोल्ट सैल होता आणि तिथून गाडी रोज थोडी थोडी रिकामी होत होती. आजोबांना दुसऱ्याच्या टॅक्सीने पाठवलं. बोल्ट आवळला, तेल बदललं, पट्टीवरच्या खुणेपर्यंत भरलं. तरी सासूबाईंचं समाधान होईना. ह्यांनी गॅरेजमधून दाबाचा काटा मागून आणला. बटण काढून त्या जागी काटा बसवला, इंजिन चांगलं तापू दिलं. काटा हवा तिथे येऊन थांबला.

"हं," सासूबाई म्हणाल्या, "आता म्हण बरी झाली म्हणून. बटण बसव पुन्हा. आणि चल स्टँडवर."

स्टँडवर बाबा दुसऱ्या गाडीत हात घालण्याच्या बेतात होते. सासूबाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"डोळे दिव्यावर!" बाबा गरजले.

"त्यांचे राहू देत दिव्यावर. म्हातारीचे दोन तेवढे तुमच्या हातावर ठेवते."

"माझ्या शक्तीची परीक्षा घेता?"

"छे हो. नाडी मीही जन्मभर बघितली. पण पेशंटला तोंड फिरवायला कधी सांगितलं नाही. म्हटलं, नवीन पद्धत शिकून घ्यावी."

बाबांचा हात बॉनेटखालून सावकाश बाहेर आला. "आज योग नाही. अश्रद्धेची सावली पडली."

"मग मी करते," सासूबाई म्हणाल्या आणि आमच्या गाडीचं बॉनेट पूर्ण उघडलं. "सूनबाई, किल्ली फिरव. इंजिन सुरू करू नकोस."

दिवा लागला. सासूबाईंनी सगळ्यांना दिसेल अशी वायर ओढली. दिवा विझला.

"इंजिन बंद आहे. तेलाचा थेंब हललेला नाही. तरी दिवा म्हणतो, सगळं छान! झाला चमत्कार. ठेवा डबा."

एकेक जण आपापल्या गाडीत जाऊन किल्ली फिरवू लागला. दोरा बांधलेल्या एकाही गाडीत दिवा लागेना.

"पण माझी गाडी तर उत्तम चालते!" एकजण भांडायला आला.

"चालेल," सासूबाई म्हणाल्या. "बटणंही बिघडतात, दाब ठीक असताना उगाच दिवा लावतात. तुझं बटण वाईट असेल. अशा तुझ्यासारख्यांमुळेच बाबांचं नाव झालं. पण बटण वाईट की इंजिन, हे कळायचं कसं? वायर तोडून?"

एका भाविकाने मात्र हात जोडले. "आजी, तुमच्या हाताला गुण आहे. माझ्याही गाडीची वायर तुम्हीच ओढा ना!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

बाबा या गडबडीत मागच्या मागे सटकत होते. एका टॅक्सीचं दार उघडून त्यांनी ड्रायव्हरला हळूच विचारलेलं मी या कानांनी ऐकलं, "तुझी गाडी मी बरी केलेली नाही ना?"

पैलवान ओलं फडकं हातात घेऊन उभा होता. तो सासूबाईंसमोर आला.

"आई, म्हणजे... माझ्या मनात शंका आली, म्हणून नाही झालं ते?"

सासूबाईंनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "शंका आली असती तर तुझी गाडी वाचली असती रे, बाळा."

तो तिथेच फुटपाथवर बसला आणि रडला. हे त्याच्या शेजारी बसले. त्याला इंजिन बांधून मिळेपर्यंत आमची गाडी रात्रपाळीला त्याने चालवायची, असं तिथेच ठरलं.

आता गाड्या बदलल्या, दिवे वाढले आणि बाबाही वाढले. तेव्हा माझं साधं सांगणं ऐका. लाल दिवा लागला की गाडी थांबवा, इंजिन बंद करा, पट्टी काढून तेल बघा, काटा लावून दाब मोजा. दिवा तुमचा वैरी नाही. आणि गाडीचं असो, देहाचं असो की घराचं, जो कुणी "उघडून बघू नका" म्हणेल, त्याच्यासमोरच आधी उघडून बघा.