चुंबक आणि डबा

परशुरामनं चुंबक गाडीच्या बॉनेटवर टेकवला आणि हात काढला. चुंबक सरळ मातीत पडला. दुसऱ्यांदाही तेच.

"बघितलास, योगेश? पत्रा न्हाईच. वर नुसती पुट्टी थापलिया."

जेवणाचा डबा घेऊन आलेली त्याची बायको, नेत्रा, गॅरेजच्या दारातच थबकली. ही गाडी तिच्याच भावानं, महाबळेश्वरनं, गेल्या महिन्यात रामनगरच्या योगेशला विकली होती. काल रस्त्यात आडव्या आलेल्या गव्यानं बॉनेट चेपवलं, म्हणून गाडी इथं दुरुस्तीला आली होती.

योगेशचं तोंड सुटलं. "तुझा मेव्हणा चोर हाय! आज चौकात त्याला चपलेनं बडवला न्हाई, तर नाव बदलीन!"

आणि माणसं गोळा करायला तो तणतणत चौकाकडं गेला.

परशुराम गालात हसला. मेव्हण्याशी त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. जत्रेत चारचौघांत महाबळेश्वर त्याला दारुडा म्हणाला होता, ते अजून पोटात सलत होतं. आता सुंठीवाचून खोकला चालला होता. नेत्राला त्या हसण्याची शिसारी आली.

"दादा कुणाला फसवायचा न्हाई."

"मग चुंबक खोटं बोलतोय व्हय?"

तिनं मातीतला चुंबक उचलला आणि रागानं हातातल्या डब्यावर आपटला. तो घसरून पडला. तिनं पुन्हा लावला, पुन्हा पडला. डबा ॲल्युमिनियमचा होता, तिच्या माहेरचा.

"अवो, ह्या डब्याला पण पुट्टी लावलिया व्हय?"

गाडी हलकी व्हावी म्हणून हल्ली काहींची बॉनेटं ॲल्युमिनियमची करतात, हे जन्मभर पत्राकाम केलेल्या माणसाला ठाऊक नसेल? त्याची नजर बॉनेटच्या कोपऱ्यावर टाकलेल्या गोणपाटाकडं गेली. नेत्रानं ती पकडली आणि गोणपाट ओढलं.

खालचा रंग घासून काढलेला होता. आत पांढराशुभ्र धातू चकाकत होता. पुट्टीचा कणही नव्हता. घासायचा कागद तिथंच पडला होता.

"म्हंजे तुमास्नी आधीच कळलं हुतं."

"भूक लागलिया. जेवायला वाढ," तो खाली बघत म्हणाला.

नेत्रानं चुंबक उचलून पदरात बांधला. डबा उघडला, भात त्याच्यासमोर गोणपाटावर पालथा केला आणि रिकामा डबा घेऊन ती चौकाच्या दिशेनं चालू लागली.

"अगं, डबा कुठं न्हेतीस?"

तिनं मागं वळून बघितलं नाही.