चकत्या बांधलेली लेझीम

मी लेझीम बोलतेय. हल्ली मोकळ्या गळ्यानं बोलते, पण एकदा सहा दिवस माझं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं. बांधणारा माणूस वाईट असता तर मी त्याला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण तो चांगला होता, म्हणून ही हकीकत सांगावी लागते.

माझा जन्म चाकणचा. दांडा सुतारानं दिला, साखळी आणि चकत्या लोहारानं. आम्ही चोवीस जणी एका पोत्यात बसून बैलगाडीनं कुरुळीच्या शाळेत आलो. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला आम्ही सगळ्या एकदम ओरडायचो, त्यामुळे गाडी वेशीत शिरायच्या आधीच पोरं धावत आली होती.

शाळा धर्मशाळेत भरायची. चार इयत्ता आणि मास्तर एक, अर्जुनराव. मास्तर हाडाचे शिक्षक होते. दुसरीतल्या पोरांना गणित घालून चौथीचा भूगोल घ्यायचे आणि मधेच पहिलीतल्या कुणाचं तरी नाक पुसायचे.

तिसरीत रंभा नावाची मुलगी होती. तीन वर्षांची असताना तिला देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. तिचा बाप गेनबा थोडी शेती करी आणि पिंपरीला औषधाचा कारखाना बांधत होते तिथं मातीकामाला जाई. मास्तर स्वतः त्याच्या दारी जाऊन रंभाचं नाव घालून आले, तेव्हा पारावरची माणसं हसली होती. "काय मास्तर, आंधळीला तलाठी करताय व्हय?" मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. चिंचोके मांडून त्यांनी तिला अक्षरं शिकवली. बोटांनी चाचपून ती शब्द वाचायची. पाढे तर तिला असे पाठ, की बाकीची पोरं अडली की हळूच तिच्याकडे सरकायची.

एवढं सगळं करणारे मास्तर लेझमीचा तास आला की मात्र म्हणायचे, "रंभा, तू ओट्यावर बस. लागेल कुणाचं तरी." ती बसायची. गावच्या भैरूच्या हलगीवर आम्ही तेवीस जणी अंगणात वाजायचो आणि चोविसावी मी खुंटीवर. खुंटीवरून मला रंभा दिसायची. चार आवाज, आठ आवाज, लेझमीचे सगळे प्रकार ती मांडीवर बोटांनी वाजवायची. कुणाची चूक झाली की मास्तरांच्या आधी तिची मान हलायची. आम्ही दोघी बिनकामाच्या, म्हणून मला तिचा जरा जास्तच लळा लागला.

माघात तपासणीचं पत्र आलं. तपासनीस साहेब येणार, गाव त्यांना दिपोटीसाहेब म्हणे. तिसरी-चौथीच्या पटावरची सगळी मुलं लेझमीत हवीत, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. पटावर चोवीस नावं होती. म्हणजे रंभाही आली. संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांनी मला खुंटीवरून काढलं, मांडीवर घेतलं आणि माझ्या एकेका चकतीला सुतळीचे वेढे देऊन गाठी मारल्या. चांगल्या पक्क्या. मी ओरडायला गेले तर घशातून नुसती खसखस निघाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रंभाच्या हातात दिलं. "ही घे, तुझी. मागच्या रांगेत कडेला उभी राहा." ती हरखून गेली. मग तिनं मला एकदा हलवलं. पुन्हा हलवलं.

"मास्तर, हिला पडसं झालंय का?"

पोरं हसली. मास्तरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. "जुनी आहे गं. हळू वाजते."

रंभाची बोटं साखळीवरून फिरली आणि पहिल्याच चकतीपाशी थांबली. "हितं गाठ हाय. हितं बी हाय."

"असू दे. तू नुसते हात हलव. साहेबांना रांग भरलेली दिसली म्हणजे झालं."

"दिसली म्हंजे झालं?" ती म्हणाली. "मला कुटं दिसतंय, मास्तर? मला ऐकू येतं. ही माझी न्हवं." तिनं मला जमिनीवर ठेवलं, भिंत चाचपत ओट्यावर गेली आणि दुपारी घरी गेली ती परत आलीच नाही.

तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी तिची आई पुतळाबाई एकटीच आली. पदर सावरत म्हणाली, "मास्तर, मी लई समजावली. लेझीम मुकी तर मुकी, हातात तर घ्यायला मिळतीया. पर ती ऐकंना. म्हनती, मला खोट्या शाळंत जायाचं न्हाई." पोरगी आता शाळेत परत येत नाही, हे मलाही कळलं होतं आणि त्यांनाही.

सहाव्या दिवशी मला काखेत मारून ते गेनबाच्या घरी गेले. रंभा जात्याशी बसली होती. मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"रंभा, तू चुकशील याचं मला भय नव्हतं. तू चुकलीस की लोक मला हसतील, याचं होतं. म्हणून मी गाठी मारल्या. माझं चुकलं."

मास्तरानं पोरीपुढे असं बोललेलं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. गेनबा उगाच बाहेर जाऊन बैलाला वैरण टाकून आला. मला तर भरून आलं, पण आवाज कुठे होता?

मास्तरांनी विचारलं, "तुला लेझमीत अडचण कशाची?" हे त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

रंभानं तयारच ठेवल्यासारखं सांगितलं. "चार आवाज, आठ आवाज समदं येतं. गिरकी घेतली की म्होरं कंचं, मागं कंचं, त्ये कळत न्हाई. भैरूदादा हलगी घिऊन समद्यांच्या मधनं हिंडतो. त्यो एका जागी हुबा ऱ्हायला तर मी हलगीकडं तोंड करीन."

मास्तरांनी तिथंच चाकू मागितला. सुतळी दवानं फुगून आवळली होती, ती कापून काढावी लागली. दोन चकत्यांना गंज चढला होता, म्हणून माझा आवाज पूर्वीपेक्षा जरा घोगरा निघाला. रंभाला तो चालला.

भैरूला मात्र नवीन बेत चालेना. "एका जागी हुबं ऱ्हाऊन हलगी? मी काय दाव्याला बांधल्याला बैल हाय?" दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी नाचायचं ते जागच्या जागी नाचू लागला. रंभाच्या शेजारी इंदू नावाची तिच्याच वर्गातली मुलगी उभी राहिली. वाकायचं कसं, हात किती वर न्यायचा, हे इंदूनं पहिले आठ दिवस मागून हात धरून दाखवलं. नंतर रंभाच तिला म्हणायला लागली, "तू घाई करतीस." सुरुवातीला सगळ्यांनी हात पसरून शेजाऱ्याला बोट लावायचं आणि अंतर घ्यायचं, असाही नियम झाला. त्यानं पोरांची टाळकी फुटायची थांबली, हा सगळ्यांचाच फायदा.

तपासणीचा दिवस उजाडला. साहेब खुर्चीवर, गाव पारावर. हलगी कडाडली आणि आम्ही चोवीस जणी एका तोंडानं बोललो. चार आवाज बरोबर गेले. आठ आवाज बरोबर गेले. गिरकीनंतर एक ठोका न वाजवता थांबायचं होतं. सगळे थांबले, आणि त्या शांततेत मी एकटीच खणखणले. मास्तरांना ज्याचं भय होतं, नेमकं तेच झालं होतं.

साहेबांनी मान वर केली. "कोण चुकलं?"

मागच्या रांगेतून रंभाचा आवाज आला, "मी, सायेब." साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं आणि हातानं 'पुढे' अशी खूण केली. हलगी पुन्हा सुरू झाली, आणि पुढचं सगळं बिनचूक गेलं.

साहेब गेल्यावर मास्तरांनी शेरेबुक उघडून मुलांसमोर वाचलं. वाचन समाधानकारक, गणित बरे, अंगण झाडलेले. मग म्हणाले, "लेझीम चांगली. मागच्या रांगेतील एका मुलीची चूक झाली. सराव वाढवावा."

"पुन्ना वाचा," रंभा म्हणाली. मास्तरांनी वाचलं. "आंधळी असं कुटं लिवलंय?"

"नाही. एका मुलीची, एवढंच."

ती खुदकन हसली. आपली चूक सरकारदरबारी लागली म्हणून इतकं खूश झालेलं पोर मी दुसरं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिला आणि गणितात चुकलेल्या तिघांना शाळा सुटल्यावर सरावाला थांबवलं. पुतळाबाई दारात येऊन बघून हसत हसत परत गेली.

याला आता सव्वा वर्ष होत आलं. रंभा आणि इंदू चौथी पास झाल्या. पुढच्या शाळेला चार मैल चालत चाकणला पाठवायचं की नाही, यावर दोघींच्या घरी सारखाच वाद चालू आहे. माझ्या दांड्याला चीर गेली आहे, म्हणून उद्या मी सुताराकडे निघाले आहे. परत येईन तेव्हा कुठल्या पोराच्या हाती पडेन, सांगता येत नाही. मागणं एवढंच, की मला कोणाच्याही हातात द्या, पण वाजती द्या. चुकलं पोर, तर चुकू द्या, आणि इतरांची लिहिता तशी त्याचीही चूक लिहा.