मुरलेलं पाणी

थेंबेबाईंचं आडनाव थेंबे नव्हतं. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं पाणी तपासलं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, नळीत गुलाबी रंग उतरला की क्लोरीन आहे, पाणी प्यायला चालेल, असं वहीत लिहायचं. कुणा सहकाऱ्यानं थट्टेनं ठेवलेलं नाव असं चिकटलं, की निवृत्तीच्या मानपत्रावरही तेच छापून आलं. त्यांचे यजमान घड्याळजी. त्यांनी ते मानपत्र चौकटीत बसवून जेवणाच्या टेबलासमोर टांगलं आणि वर म्हणाले की आता घरातलं पाणी प्यायला कुणी घाबरणार नाही.

निवृत्तीला वर्ष होत आलं तेव्हा घड्याळजींची थोरली बहीण न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. एकटीनं राहण्यासारखी स्थिती नव्हती, म्हणून भाऊ तिला घरी घेऊन आला. थेंबेबाई तिला वन्सं म्हणत. दोघींचं चाळीस वर्षांत कधी भांडण झालं नव्हतं, आणि कधी सूतही जुळलं नव्हतं. एकाच भिंतीवरची दोन घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत असावीत, तसं ते होतं. घड्याळजी धंद्यानं घड्याळजी असूनही त्यांनी दोन्हींपैकी एकालाही कधी हात लावला नव्हता.

वन्संचा पलंग मागच्या खोलीत लावला. खिडकीतून परस दिसे, आणि परसात मधोमध एक खड्डा. वाऱ्यात झाड पडलं होतं. लाकूडतोड्यानं बुंधा मुळांसकट काढून नेला आणि मागे गुडघाभर खोल भगदाड राहिलं. त्यात पाणी साठे, डास होत. थेंबेबाईंनी भराव टाकायला माणूस ठरवला होता. त्याला यायचं होतं त्या सकाळी चहाचा कप हातात धरून वन्सं म्हणाल्या, की बुजवू नका, तिथे तळं होईल.

त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. त्यांचे यजमान मत्स्यबीज केंद्राचे प्रमुख होते. तीस वर्षं वन्संचा संसार हौदांच्या शेजारी झाला होता. मासे असले की डासांच्या अळ्या उरत नाहीत, हे त्यांनी भावाला पटवलं. आणि भावानं, आयुष्यात पहिल्यांदाच, बायकोच्या आधी बहिणीला हो म्हटलं. थेंबेबाईंनी भराववाल्याला फोन करून नको सांगितलं.

खणायचं काम घड्याळजी आणि थेंबेबाई यांच्याकडे आलं. वन्सं खुर्ची टाकून काठावर बसत आणि काठीनं दाखवत. मध्ये कमरेएवढं खोल, म्हणजे उन्हाळ्यात माशांना गारव्याला जागा. कडेनं वीतभर रुंद पायरी, तिच्यावर झाडांच्या कुंड्या. आणि एका बाजूला लांब, सपाट उतार, कारण एखादं जनावर चुकून आत पडलं तर त्याला बाहेर येता आलं पाहिजे. प्लॅस्टिकचा कागद अंथरायला त्यांचा साफ नकार. वीटभट्टीवरून चिकणमाती मागवली, ती भिजवून तळाला आणि बाजूंना थापली आणि मग ती पायांनी तुडवायची होती. चार दिवस दोघं नवरा-बायको कपडे खोचून, एकमेकांच्या खांद्याला धरून गोल गोल तुडवत होते. वन्सं डोळे मिटून ऐकत. चपचप आवाज येतोय तोवर थांबायचं नाही, हा त्यांचा हुकूम. चौथ्या दिवशी संध्याकाळी आवाज बदलला, थपथप असा कोरडा, घट्ट आला, तेव्हा त्या म्हणाल्या की आता घागरसुद्धा लाजेल. थेंबेबाईंच्या पोटऱ्या इतक्या भरून आल्या होत्या की जिना चढताना त्या हसायला लागल्या. वन्संनाही हसू आलं. दोघी एकाच गोष्टीला एकाच वेळी हसल्याचं घड्याळजींनी पाहिलं आणि ते गुपचूप हात धुवायला गेले.

पाणी भरायच्या बाबतीत मात्र थेंबेबाई गुरू होत्या. नळाचं पाणी तसंच सोडलं तर त्यातलं क्लोरीन मासे मारील. त्यांनी सहा पिंपं परसात उघडी ठेवली, चार-चार दिवस उन्हात पाणी मुरू दिलं आणि नळीत थेंब टाकून गुलाबी येत नाही याची खात्री केल्यावरच ते तळ्यात ओतलं. तळं भरायला तीन आठवडे लागले. पायरीवर पाणवनस्पती लागल्या, तळाशी शंख-गोगलगायी सोडल्या. मग केंद्रातून, वन्संच्या यजमानांच्या हाताखाली शिकलेल्या एका गृहस्थांनी बोटाएवढे चौदा सोनेरी मासे पिशवीतून पाठवले.

पंधरा दिवसांनी पाणी हिरवं झालं. हळूहळू नाही, चार दिवसांत, वाटलेल्या कोथिंबिरीसारखं. मासे दिसेनात. वन्सं निर्धास्त होत्या. पाणी नवं आहे, झाडं अजून लहान आहेत, पानं पसरली की सावली पडेल आणि हिरवेपणा आपोआप जाईल, महिनाभर कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं. थेंबेबाईंना ते बघवत नव्हतं. हिरवं पाणी म्हणजे त्यांच्या लेखी कुणाची तरी कामातली कसूर. त्या रोज सकाळी नळी भरून प्रकाशात धरत आणि ओठ मिटून आत येत.

एका गुरुवारी घड्याळजी बहिणीला घेऊन इस्पितळात गेले. त्या दिवशी डॉक्टर तिला वॉकर सोडून काठीवर चालायला लावणार होते. अर्धा दिवस जाणार होता. थेंबेबाईंच्या मनात आलं, की वन्सं पहिल्यांदाच वॉकरशिवाय परसात येतील, तेव्हा त्यांना स्वच्छ पाणी दिसू दे, मासे दिसू देत. त्यांनी बादलीनं निम्मं तळं उपसलं. पिंपात पाणी जेमतेम होतं, ते संपलं. मग त्यांनी नळाला पाइप लावला आणि तो सरळ तळ्यात सोडला.

एकतीस वर्षं क्लोरीन मोजलेल्या बाईला हे कसं सुचलं, हे पुढे त्यांना कुणी विचारलं नाही, पण त्या स्वतःला विचारत राहिल्या. हात भराभर चालत होते, घड्याळाकडे लक्ष होतं. पाणी वर वर येत होतं आणि खरोखर निवळत होतं. तळाची माती दिसू लागली, मग एक मासा दिसला. तो पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होता. मग दुसरा, आडवा.

त्यांनी पाइप ओढून काढला. धावत आत जाऊन नळी आणली, थेंब टाकले. नळीत गुलाबी रंग उतरला, गडद, बघत राहावा असा. दोन दिवसांपूर्वी मोठी जलवाहिनी फुटली होती आणि खात्यानं क्लोरीन वाढवलं होतं. पेपरात आलेली ती सूचना त्यांनीच घड्याळजींना वाचून दाखवली होती.

स्कूटर काढून त्या जुन्या प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा पायात चपला वेगवेगळ्या होत्या. तपासणीच्या बाटल्यांत क्लोरीन मारायला हायपोचे खडे घालतात. ते कुठल्या कपाटात असतात हे त्यांना अजून पाठ होतं. त्यांच्या जागी आलेल्या मुलीनं काही न विचारता मूठभर खडे पुडीत बांधून दिले. घरी येऊन त्यांनी ते बादलीत विरघळवले आणि तळ्यात चहूकडे शिंपडले. दहा मिनिटांनी नळीत रंग उतरला नाही. तोवर अकरा मासे गेले होते. पायरीच्या कोपऱ्यात, झाडाच्या मुळांत, तीन जिवंत होते.

अकरा मासे त्यांनी कुंपणापाशी पुरले. हात धुऊन बसल्या तेव्हा टॅक्सी आली. घड्याळजी आधी आत आले. बायकोचा चेहरा पाहून त्यांनी विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले की ऊन फार होतं असं सांगू, तिला आज पहिल्यांदा काठीवर चालायला जमलंय, आजचा दिवस जाऊ दे. थेंबेबाईंनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

वन्सं काठी टेकत परसाच्या दारापर्यंत आल्या. त्यांनी पाणी पाहिलं. नितळ होतं.

"वन्सं, मासे मी मारले," थेंबेबाई म्हणाल्या. "नळाचं पाणी सोडलं. तुम्ही याल तेव्हा स्वच्छ दिसावं म्हणून."

वन्सं काठावरच्या खुर्चीत बसल्या. पाण्याकडे बघत त्यांनी किती राहिले ते विचारलं. तीन, थेंबेबाईंनी सांगितलं, आणि हायपोचंही सांगितलं. मग वन्संनी भावाला चहा टाकायला आत पाठवलं. तो गेल्यावर म्हणाल्या, "बस इथे."

थेंबेबाई उतारावर मातीतच बसल्या.

"लग्नाला वर्षही झालं नव्हतं माझ्या," वन्सं म्हणाल्या. "केंद्रातला एक हौद शेवाळलेला दिसला. यांना बरं वाटेल म्हणून मी कपड्याच्या साबणानं घासला. वरच्या हौदाचं पाणी त्यातूनच खाली जायचं, ते मला काय ठाऊक. लाखभर पिलं होती खाली. सकाळी सगळी पांढरी होऊन तरंगत होती."

"मग?"

"मग काय. रात्री वीज गेली होती थोडा वेळ, पंप बंद पडला असेल, असं म्हटलं. यांनी विश्वास ठेवला. वीज कंपनीशी दोन वर्षं पत्रव्यवहार केला त्या माणसानं. इतकी चोख पत्रं, थेंबे, की शेवटी कंपनीनं चूक कबूल केली. यांना इतका आनंद झाला होता. त्यानंतर कसं सांगणार? तीस वर्षं नाहीच सांगितलं. गेले ते." त्यांनी काठीचं टोक मातीत फिरवलं. "तू तासाभरात सांगितलंस. मला जमलं नव्हतं ते."

थेंबेबाईंना रडू आलं. वन्संनी त्यांना रडू दिलं, आणि मग चहा कुठे अडकला म्हणून भावाला हाक मारली.

त्यानंतर तळ्याला महिनाभर कुणी हात लावला नाही. पाणी पुन्हा हिरवं झालं. थेंबेबाई खिडकीकडे पाठ करून भाजी निवडत. सहाव्या आठवड्यात पानं पसरली आणि एके सकाळी तळ दिसला. तीन मासे, मुळांवरचं शेवाळ कुरतडत, तब्येतीनं फिरत होते. चतुर येऊ लागले. बेडूक कुठून आला ते कळलंच नाही, पण तो आल्यापासून घड्याळजींना दुकानात जायला उशीर होऊ लागला. थेंबेबाईंचं काम बारीकसारीक: वाळलेली पानं जाळीनं काढायची, वाढलेली झाडं निम्मी छाटायची, उन्हानं उडालेलं पाणी पिंपातलं घालून भरायचं. माशांना पिल्लं झाली, तसा खंड्या येऊ लागला. एकदा त्यानं दोघींच्या देखत सूर मारला आणि एक पिल्लू उचललं. थेंबेबाई त्याला हाकलायला उठल्या. वन्संनी त्यांचा पदर धरला, आणि त्या बसल्या. त्यालाही घर असेल, एवढंच वन्सं म्हणाल्या.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी परवानगी दिली आणि वन्सं स्वतःच्या घरी निघाल्या. राहा म्हणून थेंबेबाईंनी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगितलंस तर मी राहीन, म्हणून सांगू नकोस, असं वन्सं म्हणाल्या. सज्जात एक मोठा टब ठेवायचा त्यांचा बेत होता. त्यासाठी त्यांना नवं पाणी नको होतं. तळ्यातलं मुरलेलं पाणी हवं होतं, गोगलगायी आणि थोड्या मुळ्यांसकट. थेंबेबाईंनी दोन डबे भरून दिले. वन्सं ते पायांत धरून टॅक्सीत बसल्या आणि गाडी सुरू होण्याआधीच त्यांनी चालकाला ब्रेक कसे लावायचे ते शिकवायला सुरुवात केली.

संध्याकाळी फोन वाजला. घड्याळजींनी उचलला आणि लगेच बायकोकडे दिला, कारण पलीकडून तिलाच विचारलं होतं. एक डबा वळणावर सांडला होता, टॅक्सीवाला चिडला होता, पण दुसरा नीट पोचला होता.

"एक पुरेल ना?" थेंबेबाईंनी विचारलं.

"पुरेल," वन्सं म्हणाल्या. "नाही पुरलं तर रविवारी येते."

"पुरलं तरी या," थेंबेबाई म्हणाल्या.